उसना कडा

११ ऑक्टोबर

पोहोचलो एकदाचा. ओरूरोचा वारा घाटाच्या वर राहिला आणि कोचाबांबाचं ऊन अंगावर आलं, तेव्हा ट्रकच्या पुढच्या सीटवर बसल्या बसल्याच मी दोन स्वेटर उतरवले. ग्रोव्हर गाडी चालवता चालवता म्हणाला, "बाबा, कांद्यासारखे सोलत चाललात, घरी पोहोचेपर्यंत शिल्लक राहा म्हणजे झालं." जावई आहे, पण थट्टा मुलासारखी करतो. बरं वाटलं.

निल्दाचं घर चौथ्या मजल्यावर आहे. माझ्या खिडकीसमोर एक झाड जांभळ्या फुलांनी इतकं लगडलंय, की खाली उभ्या असलेल्या गाड्याही जांभळ्या झाल्यात. उभा जन्म स्टेशनाच्या खिडकीत बसून लोकांना तिकिटं दिली. आता खिडकीत बसून नुसतं बघायचं. पोरीने खोली हौसेने लावली होती. खाट, कपाट, आरसा, भिंतीवरचं घड्याळ, सगळं घरमालकाचं. हल्ली असंच असतं म्हणे. वापरायचं आणि जाताना ठेवून जायचं. माझं म्हणून जे काही आहे ते एका गाठोड्यात मावलं: पोराचा, लिंबेर्तचा फोटो, त्याच्या आईने विणलेलं कांबळं आणि ही वही. शिवाय शाळेत पाठ केलेल्या कविता. कवितांचं एक बरं असतं, त्यांना ट्रक लागत नाही.

संध्याकाळी गाठोडं सोडलं तेव्हा कळलं, की लिंबेर्तचं खेळाचं यंत्र आणि कॅसेट आल्याच नाहीत. ग्रोव्हरने कान पकडले. म्हणाला, ट्रक भरला होता, यंत्राची वायर जळकी होती, एक भंगारवाला दारात आला, त्याला देऊन टाकलं.  पोरगा जाऊन अडीच वर्षं झाली आणि त्याच्या हाताचे डाग त्या रिमोटवर होते. माझा चेहरा बघून ग्रोव्हर उठला, नव्या टीव्हीवर काहीतरी शोधलं, आणि एकदम ते संगीत घरभर घुमलं. तोच कडा! तेच दोन गिर्यारोहक, एक लाल टोपीचा, एक निळ्या टोपीचा, दोघांच्या कमरेला एकच दोर. लिंबेर्त नेहमी लाल, मी निळा. ग्रोव्हर म्हणाला, कॅसेट वगैरे जुनं झालं बाबा, आता सगळे खेळ कंपनीकडे असतात आणि तारेतून घरी येतात. महिन्याची वर्गणी भरली की हजार खेळ आपले.

आमच्या कॅसेटमध्ये आम्ही शेवटच्या कड्यापर्यंत पोहोचलो होतो. इथे पुन्हा पहिल्या पायरीपासून. हरकत नाही. म्हाताऱ्याला वेळच वेळ आहे.

१६ ऑक्टोबर

या खेळात एकट्याने चढता येत नाही. एक उभा राहिला की दुसऱ्याचा दोर ताणतो. म्हणून मी दोन्ही रिमोट मांडीवर ठेवतो. जरा निळ्याला चढवतो, मग लालला ओढून घेतो.

एक मात्र आहे, हा खेळ जड चालतो. मी बटण दाबतो आणि निळी टोपी घटकाभर विचार करून मग उडी मारते. माझ्यासारखीच म्हातारी झाली. ग्रोव्हर सांगतो, खेळ आपल्या घरात नसतोच, ब्राझीलमधल्या कुठल्याशा कोठारात चालतो; आपण दाबलेलं बटण तिथवर जातं आणि चित्र परत येतं, त्यात वेळ जायचाच. संध्याकाळी सगळी इमारत नेट वापरते, तेव्हा कड्याचे चौकोनी तुकडे पडतात आणि दोघं गिर्यारोहक हवेत लटकून राहतात. म्हणून मी दुपारी खेळतो. वामकुक्षीच्या वेळी इमारतच काय, सारं शहर झोपतं.

थोडा वेळ हात थांबला की पडद्यावर प्रश्न येतो: तुम्ही अजून आहात का? मला गंमत वाटते. मी मोठ्याने सांगतो, आहे रे बाबा, आहे. मग बटण दाबतो.

चढताना शाळेतली कविता आठवते. मास्तर आम्हाला पटांगणात वाऱ्यात उभं करून म्हणायला लावायचे:

पायऱ्या चढता मोजू नको,
दोरी हातची सोडू नको,
मागुन कोणी हाक दिली तर—

चौथी ओळ काही केल्या आठवत नाही. येईल. अशा ओळी मांजरासारख्या असतात, बोलावलं की येत नाहीत.

वरच्या मजल्यावर बेत्साबेबाई राहतात. ताराता गावाकडच्या, माझ्याच वयाच्या, तोंडाने तिखट. जिन्यात गाठ पडली तर म्हणाल्या, ओरूरोचे ना तुम्ही? तरीच नमस्कारसुद्धा थंडगार. मग स्वतःच हसल्या आणि विचारलं, की गेलेल्यांचं मेज यंदा कुणासाठी मांडताय. मी लिंबेर्तचं नाव सांगितलं. कितवं वर्ष? तिसरं. त्या एकदम मऊ झाल्या.

२३ ऑक्टोबर

तिसरं मेज म्हणजे शेवटचं. गेलेल्याला तीन वर्षं एक नोव्हेंबरच्या दुपारी बोलावून जेवू घालायचं, दुसऱ्या दिवशी पाठवायचं आणि तिसऱ्या वर्षी रीतसर निरोप द्यायचा. तो नीट दिला गेला की जीव सुटतो. पुन्हा वाट बघत बसत नाही. पहिली दोन मेजं ओरूरोला झाली, तेव्हा फोटोशेजारी खेळाची कॅसेट ठेवली होती. गेलेल्याच्या आवडीची वस्तू मेजावर लागतेच, तिच्या खुणेने तो येतो.

निल्दाला घेऊन कांचा बाजारात गेलो. जांभळी रिबन, उसाचे दांडे, मक्याच्या दारूसाठी, चिचासाठी, मातीचा घडा. बाहुल्यांच्या आकाराचे पाव आणि पावाची शिडी बेत्साबेबाई घरी भाजणार आहेत. शिडी कशाला, म्हणून शेजारच्या मुलीने विचारलं तर बाई म्हणाल्या, तो वरून उतरणार कसा, लिफ्टने?

त्यांचा एक कडक नेम आहे. मेजावर उसनं काही ठेवायचं नाही. ताटली नाही, मेणबत्ती नाही, टेबलसुद्धा नाही. त्यांच्या गावात एकीने नवऱ्याच्या मेजावर शेजाऱ्याचं वाद्य मागून आणून ठेवलं होतं. नवरा आला, पण जाताना वाद्याबरोबर शेजाऱ्याच्या घरी गेला, आणि तिथली तार कुणी न छेडता वाजत राहिली ती घर पडेपर्यंत. बाई सांगत होत्या आणि निल्दा माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती. तरी आम्ही नेम पाळला. घरमालकाचं टेबल बाजूला सारलं आणि फळ्या विकत आणल्या.

कॅसेट नव्हती, म्हणून मी म्हटलं, फोटोमागे टीव्ही ठेवू आणि त्यावर दोराचा खेळ लावू. बाईंनी टीव्हीवर बोट आपटून विचारलं, हा कुणाचा? निल्दाने सांगितलं, माझा, रोख विकत घेतलेला. बाईंचं समाधान झालं.

१ नोव्हेंबर

कधी एकदा लिहितो असं झालंय. आनंदाने.

दुपारी बाराला चर्चच्या घंटा सुरू झाल्या. मेणबत्त्या लागल्या होत्या, निल्दा स्वयंपाकघरात तिखट रस्सा ढवळत होती, ग्रोव्हर पाहुण्यांना आणायला खाली गेला होता. मी एकटाच मेजासमोर होतो. टीव्हीवर नवा डाव, दोघं गिर्यारोहक पहिल्या कड्याखाली उभे. दोन्ही रिमोट मेजाखाली, कुणी हात लावलेला नाही.

लाल टोपीने पाय आपटले. मग चढली. पहिला टप्पा आला तसं तिने जागच्या जागी दोन उड्या मारल्या.

ही लिंबेर्तची खोड. लहान असल्यापासून. टप्पा गाठला की दोन उड्या, आणि मग माझ्याकडे बघून, "चला म्हातारबुवा, दोर ताणतोय." तेव्हा मी चाळिशीचा होतो.

मी रिमोट उचलला आणि त्याच्या मागे चढलो. पाहुणे आले, प्रार्थना म्हणून पाव घेऊन गेले, कुणाला काही दिसलं नाही. त्यांना वाटलं, म्हातारा पोराच्या आठवणीत खेळतोय. वाटू दे.

२ नोव्हेंबर

बाराला निरोप दिला. प्रार्थना झाल्या, पाव वाटून संपवले, शिडी मोडून शेवटी मुलांना दिली, मेणबत्त्या विझवल्या, फळ्या उचलल्या. मग सगळे माळावर झोपाळे बघायला गेलो. आमच्याकडे नाहीत, इथे या महिन्यात उंच झोपाळे बांधतात. पोरी आभाळापर्यंत झोके घेतात, त्या झोक्यांनी जीव वर जायला मदत होते म्हणे. निल्दाही चढली. मी खालून तिला झोका दिला, भावासाठी.

घरी आलो. टीव्ही लावला. मनात म्हटलं, आता नसेल.

लाल टोपी टप्प्यावर उभी होती. पाय आपटत होती.

गेला नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एवढं खरं लिहून ठेवतो.

६ नोव्हेंबर

रोज दुपारी खेळतो आहोत. आता खेळ जड चालत नाही. मी बटण दाबतो त्याच क्षणी निळी टोपी हलते. ग्रोव्हरला सांगितलं तर म्हणाला, नेट सुधारलं असेल.

लिंबेर्त पूर्वी थांबायचा माझ्यासाठी. हल्ली थांबत नाही. खेळून उठलो की पोटऱ्या भरून येतात, जिना चढून आल्यासारखं. सोफ्यावर बसून माणूस किती दमेल? पण दमतो. ओरूरोच्या उंचीवर कधी धाप लागली नाही, ती इथे सपाटीवर लागते.

आज खेळ उघडताना पडद्यावर पाटी आली: हा खेळ ३० नोव्हेंबरला आमच्या संग्रहातून निघत आहे.

मी ग्रोव्हरला फोन लावायला लावला. कंपनीतली मुलगी गोड बोलत होती, स्पीकरवर ऐकलं मी. म्हणाली, खेळ बनवणाऱ्यांशी असलेला आमचा करार संपतोय. मी म्हटलं, पोरी, आम्ही वर्गणी भरतो, खेळ आमचा आहे. त्यावर ती म्हणाली, "काका, तुम्ही खेळ घेतला नव्हता. खेळायची परवानगी घेतली होती."

मग मी विचारलं, की खेळ जातो तेव्हा त्याच्यातली माणसं कुठे जातात. ती हसली. म्हणाली, कुठे जाणार? पुसली जातात.

ग्रोव्हरने फोन ठेवला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

९ नोव्हेंबर

बेत्साबेबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं टोमणा मारतील. त्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, टीव्हीची पेटी तुमची होती हो, पण पेटीतलं? मी पेटी बघितली. पेटीतलं कुणाचं हे विचारायचं मला सुचलंच नाही.

मलाही कुठे सुचलं? दरमहा पैसे जातात, म्हणजे आपलंच, असं धरून चाललो. चाळीस वर्षं तिकिटं दिली मी. तिकीट घेतलं म्हणून गाडी आपली होत नाही, हे मला कुणी शिकवायला हवं होतं?

बाई म्हणतात, अजून महिना संपलेला नाही, नोव्हेंबर अख्खा गेलेल्यांचा असतो. तुमच्या मालकीची कॅसेट मेजावर ठेवा, वाट दाखवा, तिकडून इकडे येईल. मग इथून निरोप द्या. नाही दिला तर तो धन्याच्या कोठारात राहील. आणि धनी ते तीस तारखेला पुसणार.

त्या ब्राझीलच्या कोठारात माझा पोरगा. नाव नाही, फोटो नाही, एक मेणबत्ती नाही.

१५ नोव्हेंबर

शनिवारचा बाजार. बेत्साबेबाई आणि मी सकाळपासून फिरलो. जुन्या रेडिओंच्या, पंख्यांच्या, बाहुल्यांच्या ढिगांतून. माझे पाय तुटत होते, बाई मात्र भाव करताना तरुण होत होत्या. एका विक्रेत्याला म्हणाल्या, तुझ्यापेक्षा वयाने मोठी आहे ही कॅसेट, तिला विकताना लाज नाही वाटत? त्याने हसून दोन रिमोट वर टाकले.

तीच कॅसेट. पुस्तिकेसकट. यंत्रही मिळालं. माझं. विकत घेतलेलं. हातात घेतलं तर तिला वजन होतं. मी विसरलोच होतो, की खेळाला वजन असतं.

उद्या मेज मांडायचं. निल्दा वैतागली आहे. म्हणाली, निरोप एकदाच देतात बाबा. पण फळ्या परत काढून दिल्या.

१६ नोव्हेंबर

आला नाही.

बाराला मेज, मेणबत्त्या, फोटो. एका बाजूला नवा टीव्ही, कंपनीचा खेळ. दुसऱ्या बाजूला बेत्साबेबाईंचा जुना टीव्ही, त्यांनी तो मला आधी विकला, एका नाण्याला, उसना नको म्हणून. त्यावर कॅसेट. घंटा झाल्या. नव्या टीव्हीतली लाल टोपी पाय आपटत राहिली. कॅसेटमधली हललीही नाही.

मग कॅसेटमध्ये कुणी कुठवर खेळलंय ते बघितलं. दोन नावांची आद्याक्षरं होती. त्यांनी सहावा कडा गाठला होता. कुणी बाप-लेक असतील, बहिणी असतील. बाई हळूच म्हणाल्या, ही त्यांची खूण आहे, तुमच्या पोराची नाही; त्याची खूण भंगारात गेली. ग्रोव्हर म्हणाला, पुसून टाकू का ती नावं? मी त्याचा हात धरला.

ग्रोव्हर नंतर बाल्कनीत एकटाच उभा होता. मी जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याचं काय चुकलं? ट्रक भरला होता.

पुस्तिका चाळली. शेवटच्या पानावर चित्र आहे: शिखरावर दोघं उभे, कमरेचा दोर सोडतायत. शिखरावर दोर सुटतो. आम्ही तिथवर कधी गेलोच नव्हतो, मला माहीतच नव्हतं.

म्हणजे वाट आहे. तीस तारखेच्या आत त्याला शिखरावर न्यायचं. तिथे दोर सोडायचा. तो सुटेल.

२० नोव्हेंबर

पाचवा कडा झाला.

आज एक विचित्र झालं. निळी टोपी माझ्याआधी हलली. मी डावीकडे वळायचं ठरवलं, बोट अजून बटणावर टेकायचं होतं, तोवर ती वळून चढलीही. पूर्वी चित्र मागून यायचं. आता पुढून येतंय.

दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा मुद्दाम ठरवलं, की वळायचं नाही. ती वळली. आणि मग माझं बोट आपणहून गेलं.

२४ नोव्हेंबर

पाटी: तुमचं खातं सध्या दुसरीकडे वापरलं जात आहे.

ग्रोव्हर कामावर. निल्दा कामावर. खात्याचा पासवर्ड आम्हा तिघांनाच माहीत. पाटी पुसून पुढे खेळलो. निळी टोपी कालच्या जागेपासून बरीच वर पोहोचली होती. मी नसताना.

सकाळी उठलो तेव्हा तळव्यांवर लाल वळ होते. निल्दाने तेल लावलं, विचारलं कशाने. मी म्हटलं, बाजारातलं यंत्र उचललं त्याने. नऊ दिवस झाले त्याला, ती म्हणाली.

फार थकवा आहे. चमचा जड लागतो.

२६ नोव्हेंबर

लिंबेर्त आता उड्या मारत नाही. टप्पा आला तरी नाही. नुसता वर. नुसता दोर.

तो लिंबेर्तच ना?

हा प्रश्न लिहायला नको होता.

तुम्ही अजून आहात का? हो. लगेच परत, तुम्ही अजून आहात का? हो. परत. मी मोठ्याने उत्तर देत नाही हल्ली.

२८ नोव्हेंबर

निल्दाने रिमोट काढून घेतले, टीव्हीची वायर उपटली. आरडाओरडा नाही केला पोरीने. जमिनीवर बसली, माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं, लहानपणी ठेवायची तसं. मग म्हणाली, "बाबा, लिंबेर्त गेला. मी आहे ना."

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. वळ दुखत होते. तिला सांगायचं होतं, की तू आहेस म्हणून तर तुझी काळजी नाही. त्याला कोण आहे? दोन दिवसांत पुसतील. एकच कडा राहिलाय. पण बोलायला दम पुरला नाही.

तिने वर्गणी बंद करायला फोन केला. त्यांनी सांगितलं, बंद होईल, महिना संपल्यावर.

२९ नोव्हेंबर

दुपार. सगळे झोपलेत. टीव्हीची वायर अजून बाहेर आहे. मी बघितली, जमिनीवर पडली आहे.

पडदा लागला.

शेवटचा कडा. बर्फ. दोघं वर चालले आहेत. रिमोट निल्दाच्या कपाटात, कुलपात. मी नुसता बसलोय आणि पाय दुखतायत, एकेका टप्प्याला.

या खेळात गिर्यारोहकांची पाठच दिसते. चेहरे काढलेलेच नाहीत. आज लाल टोपी वळली. माझ्याकडे. टोपीखाली नुसते चौकोन, संध्याकाळी नेट अडकल्यावर पडतात तसे. चौकोन हलत होते. काहीतरी जुळवायचा प्रयत्न करत होते—

पोराला स्वतःचा चेहरा आठवत नसेल. कोठारात कोण सांगणार त्याला. फोटो दाखवला. पडद्यासमोर धरून उभा राहिलो, हात भरून येईपर्यंत.

तो परत वळला आणि चढू लागला.

३० नोव्हेंबर

बाराला खेळ जाणार, पाटीवर लिहिलंय. निल्दा-ग्रोव्हर चर्चला गेलेत. दाराला आतून कडी. मी लावली? लावलेली आहे.

हात मोकळे आहेत म्हणून लिहितो. निळी टोपी आपली आपण चढते. मला नुसतं दमायचं असतं.

शिखर दिसतंय. तुकडे पडताहेत, आभाळाचे आधी. मग कड्याचे, खालून. आम्ही चढलो तो रस्ता राहिलेला नाही.

लिंबेर्त, जरा थांब रे. दोर ताणतोय—

कमरेला खरंच ताणतोय. कांबळ्याखाली बघवत नाही.

तुम्ही अजून आहात का?

घंटा सुरू झाल्या. दोघं शिखराच्या एक टप्पा खाली. लाल टोपीने— दोन उड्या! दोन! तोच आहे. तोच होता. बाळा, वर गेल्यावर सोडायचा हं दोर, पुस्तिकेत आहे, दोघांनी मिळून—

दारावर थापा. निल्दा. चर्चमधून परत आली. बाबा म्हणते आहे. बाबा, कडी काढा. रडते आहे. बाबा, माझ्याकडे बघा.

चौथी ओळ आली. आत्ता. मास्तरांच्या आवाजात.

वळून मागे पाहू नको.

नाही, मी वळणार. मास्तर, माफ करा. पोरगी दारात आहे. तो पोहोचला, एका टप्प्याचं काय राहिलं, दोर त्याच्या हातात आहे, तो सोडेल. मी उठतो आणि कडी—

निळी टोपी बघतो. ती माझ्याआधी करते, मी पुढे काय करणार ते. वळली की मी वळलो.

निल्दा हाक मारते आहे.

वळत नाहीये. चढते आहे. पण मी तर आत्ता, हा बघ, निल्दा, हा मी